दिसलं फक्त तुम्हाला?

मावशींची रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, ६.८ टक्के आली तेव्हा मी त्यांचं तोंडभरून कौतुक केलं. मिरजेत मधुमेह समुपदेशक म्हणून काम करताना असा रिपोर्ट क्वचित हाती येतो. त्या भाजी विकतात, घरी एकट्याच. सकाळ-संध्याकाळ मिक्स इन्सुलिन, म्हणजे लगेच आणि सावकाश काम करणारं एकत्र. तक्रार एकच, पहाटे डोकं ठणकतं आणि उशी घामाने भिजलेली असते.

डॉक्टरांनी दंडाला सेन्सर लावायला सांगितला. नाण्याएवढी चकती, तिची केसासारखी तार कातडीखालच्या द्रवातली साखर मोजते. दर १५ मिनिटांनी एक नोंद, दिवसाला ९६, असे १४ दिवस. आमच्याकडच्या सेन्सरच्या नोंदी दवाखान्यातल्या यंत्रावरच उघडतात, पेशंटला काहीच दिसत नाही.

पंधराव्या दिवशी आलेख पाहिला. पहाटे अडीच ते चार, रेघ ५० च्या आसपास, म्हणजे शुगर फारच कमी. कुशीवर झोपून दंड दाबला गेला की सेन्सर खोटी कमी शुगर दाखवतो, तसंच असेल असं आधी वाटलं. पण नऊ रात्री, त्याच वेळेला? आणि ती ओली उशी? संध्याकाळच्या इन्सुलिनचा जोर नेमका तेव्हाच चढत होता. जेवणानंतरचे २३० आणि पहाटेचे ५० सरासरीत मिसळून गेले होते, आणि मी शाबासकी दिली होती.

स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्या बराच वेळ रेघेवरून बोट फिरवत राहिल्या.

"म्हणजे याला रात्रीच कळत होतं, आणि यानं मला उठवलं नाही? हाताला माझ्या, आन् दिसलं फक्त तुम्हाला?"

शुगर ७० च्या खाली गेली की मोबाइल वाजवणारे सेन्सर आहेत, पुतण्याच्या मोबाइलवरही कळतं, असं मी सांगितलं. त्यांचा फोन बटणांचा. किंमत ऐकल्यावर त्यांनी पिशवी उचलली.

कंपन्यांची माणसं येतात ती सुई टोचण्याचा त्रास वाचतो हेच सांगतात. मावशींनी दुखण्याचं नावही काढलं नव्हतं. त्यांना झोपेत हाक मारणारं कुणीतरी हवं होतं, साध्या फोनवर, परवडेल अशा पैशात. पुढच्या वेळी त्या माणसांना मी हेच ऐकवणार आहे.

डॉक्टरांनी संध्याकाळचा डोस कमी केला. आठवडाभर तीनचा गजर लावून बोटातून रक्त तपासायचं ठरलं. सुई बोटाच्या कडेला मारायची, म्हणजे भाजी निवडताना झोंबत नाही. उशाशी ग्लुकोजचा पुडा.

चौथ्या दिवशी सकाळी सहाला फोन आला, मागे बाजाराचा गलका.

"ताई, तीनला ११८. उशी कोरडी हाय."