गाडीचं दार ते इमारतीचं दार

इंदूर, १४ डिसेंबर, रात्री साडेअकरा

बॉडीगार्डच्या कामातला धोका पावलांत मोजावा लागतो. गाडीत बसलेला माणूस काचेआड असतो, आत गेला की भिंतीआड. मधल्या पावलांत तो उघडा असतो, आणि तिथे कधी येणार हे ज्याला वाईट करायचं आहे त्यालाही ठाऊक असतं. विजयनगरच्या हॉटेलात पोर्च असेल तर ही पावलं सात-आठ. राजवाड्यापाशी उतरून सराफा बाजारात जायचं म्हटलं तर शेकड्यांनी. आमचं बहुतेक काम म्हणजे हा आकडा कमी करणं.

३० मार्च १९८१ ला वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या त्या याच टापूत, हॉटेलातून निघून गाडीत बसताना. दोन सेकंदांच्या आत सहा गोळ्या. त्यांचे सुरक्षारक्षक जेरी पार यांनी त्यांना मागून ढकलून गाडीत कोंबलं, दुसरे रक्षक टिम मॅकार्थी छाती पुढे करून मधे उभे राहिले आणि पोटात गोळी घेतली. तरी एक गोळी गाडीच्या पत्र्यावरून उसळून रेगन यांच्या काखेखाली लागलीच. तोंडातून रक्त येतंय हे पाहिल्यावर पार यांनी व्हाइट हाउसचा रस्ता सोडून गाडी हॉस्पिटलकडे वळवली. रेगन यांचा जीव वाचवण्यात सुरक्षारक्षकांच्या एकाही गोळीचा वाटा नाही. नवीन मुलं पिस्तुलाबद्दल विचारतात, दाराबद्दल कुणी विचारत नाही, याचं वाईट वाटतं.

तर दार. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून साहेब मागे डावीकडे आणि गार्ड पुढे डावीकडे बसतो. दोघांची दारं एकाच बाजूला उघडतात. इमारतीचं दारही डावीकडेच यायला हवं, आणि पोर्चमध्ये गाडी कोणत्या बाजूने शिरते हे आदल्या दिवशी पाहिलं तरच ते जमतं. शेवटच्या वीस मीटरमध्ये सीटबेल्ट काढायचा. गाडी थांबली की आधी गार्ड उतरतो, स्वतःचं दार लावतो आणि गाडीला पाठ करून दोन-तीन सेकंद बाहेर बघतो. चेहऱ्यांकडे नव्हे, हातांकडे. मग वरच्या खिडक्या, मग इंजिन चालू ठेवून उभी असलेली मोटारसायकल. हे झाल्यावरच मागचं दार, तेही डाव्या हाताने, म्हणजे उजवा मोकळा राहतो. साहेबांचं डोकं आपटू नये म्हणून वर हात धरायची पद्धत आहे. आदर म्हणून ती ठीक, पण त्यात हात आणि नजर दोन्ही अडकतात. ते काम हॉटेलच्या दरवानाला करू द्यावं.

इथे सगळ्यात जास्त चूक होते ती ड्रायव्हरची. ऑटोमॅटिक गाडी थांबली की सवयीने गिअर पी (पार्किंग) वर जातो, आणि बऱ्याच गाड्यांत पी वर टाकताच चारही लॉक आपोआप उघडतात. गार्ड अजून उतरलेला नसतो आणि बाहेरचा कुणीतरी मागचं दार ओढून हसत उभा असतो. म्हणून गाडी डी (ड्राइव्ह) वरच, पाय ब्रेकवर, इंजिन चालू. साहेब आत पोचल्याचा इशारा येईपर्यंत ड्रायव्हरने खाली उतरायचं नाही, सामान काढायलाही नाही. गडबड झालीच तर जी बाजू जवळ, तिकडे पळायचं. निम्म्याच्या आत असलो तर परत गाडीत, पुढे गेलो असलो तर इमारतीत. ही निम्म्याची खूण आदल्या दिवशीच ठरवायची, एखादी कुंडी किंवा खांब पुरतो.

पळवताना एक हात कमरेच्या पट्ट्यात मागून, दुसरा मानेवर, आणि माणूस वाकवून ढकलत न्यायचा. साडी असेल तर पट्टा नसतो. तिथे दंड काखेजवळ घट्ट धरावा लागतो आणि निऱ्यांत पाय अडकणार हे गृहीत धरावं लागतं. बाईसाहेबांसोबत बाई गार्ड हवी, ही सोय नाही, गरज आहे.

८ जुलै २०२२ ला जपानमधल्या नारा इथे माजी पंतप्रधान शिंजो आबे यांच्यावर मागून दोनदा गोळी झाडली गेली. दोहोंमध्ये जेमतेम अडीच-तीन सेकंद. पहिली चुकली होती, पण तेवढ्या वेळात त्यांना कुणी खाली ओढलं नाही. पाठीमागचा रस्ता उघडा होता. मोठा आवाज आला की माणसाची मान आपोआप आवाजाकडे वळते, गार्डचीही. आधी साहेबांना दाबायचं, मग बघायचं, हे शरीरात उतरायला शेकडो वेळा घोटावं लागतं. आणि लग्नसराईत इंदुरात फटाके रोज वाजतात, तेव्हा प्रत्येक आवाजाला साहेबांना जमिनीवर पाडूनही चालत नाही. आवाजासरशी अर्धं पाऊल जवळ यायचं आणि तळहात पाठीवर ठेवायचा, एवढं मात्र दरवेळी.

आपल्या मराठी मंडळांच्या कार्यक्रमांत अडचण येते शाल-श्रीफळाची. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची मारेकरी हार घेऊनच आली होती आणि पाया पडायला वाकली होती. आयोजकांना वाईट न वाटू देता सांगायचं ते एवढंच: सत्कार करणाऱ्यांची नावं आदल्या दिवशी द्या, हार, शाल, नारळ स्टेजवरच्या एका टेबलावर तासभर आधी मांडून ठेवा, जो पुढे येईल तो टेबलावरूनच उचलेल. घरून आणलेला गुच्छ आधी टेबलावर जातो. काका-काकू लोक समजून घेतात, फक्त कार्यक्रम सुरू झाल्यावर सांगू नये.

सराफ्यात रात्री धोका वेगळाच. दिवसा सोन्याचांदीची दुकानं, रात्री त्यांच्याच ओट्यांपुढे भट्ट्या. गराडूची (तळलेल्या कंदाची) कढई कमरेच्या उंचीला, उकळत्या तेलाची, शेजारी सिलिंडर. तिथे हल्ल्यापेक्षा धक्क्याने भाजण्याची शक्यता जास्त. म्हणून कढईच्या बाजूने गार्ड चालतो, साहेब भिंतीकडे. अंतर एका हाताचं ठेवून चालत नाही, कोपर लागेल इतकं जवळ. खायचं कुठे हे आधी ठरलेलं, आणि दुसरा माणूस तिथे आधीच उभा. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीला, मात्र सरळ नाही म्हणावं. राजवाड्यावर रंगाचे फवारे अंगावर येतात, इअरपीस आणि फोन बंद पडतात, आणि त्या गर्दीत मागे फिरायला रस्ता उरत नाही.

रूट तीन काढायचे आणि तिन्ही प्रत्यक्ष जायच्या वेळेलाच चालवून बघायचे. एअरपोर्टहून विजयनगरला सुपर कॉरिडॉर-लवकुश चौराहा असं जाणं लांबचं, पण मोकळं. बडा गणपतीवरून शहरातून जवळ वाटतं आणि संध्याकाळी अडकतं. सिग्नलला पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील इतकं अंतर सोडलं की स्टिअरिंग फिरवून बाहेर पडता येतं. टाकी अर्ध्याखाली नाही. दुसरी चावी गार्डच्या खिशात.

गोळीपेक्षा हार्ट ॲटॅक कितीतरी जास्त संभवतो. ब्लड ग्रुप, चालू औषधं, ॲलर्जी एका कार्डावर लिहून दोघांच्या पाकिटात. सीपीआर म्हणजे छातीवर दाब, मिनिटाला १०० ते १२०, छाती निदान ५ सेंटिमीटर दबली पाहिजे. टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायचा आवळपट्टा, जखमेच्या चार बोटं वर, सांध्यावर नाही, आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवायची. हॉस्पिटलचं नुसतं नाव माहीत असून भागत नाही, इमर्जन्सीचं गेट कोणत्या रस्त्याने आहे ते बघून यावं.

कायद्याचं थोडक्यात. २००५ चा खासगी सुरक्षा संस्थांचा कायदा आहे, त्याखालच्या केंद्रीय आदर्श नियमांत १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानावर असं ट्रेनिंग सांगितलंय. इतक्यात दारावरचा गार्ड तयार होतो, बॉडीगार्ड नाही. आपल्याला पोलिसांचे अधिकार नाहीत. जो आहे तो कुणालाही असलेला बचावाचा हक्क, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मधला, आणि तो गरजेपुरताच. वरातीत हौसेने हवेत गोळी झाडायला कुणी सांगितलं तर ठाम नकार द्यायचा. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ती पिस्तूल चालवणाऱ्याला होते, वरबापाला नाही.

उद्या सकाळी खजराना गणपती. चपला काढाव्या लागतात, तेव्हा दोघांतला एकच आत जाईल, बिनहत्याराचा आणि अनवाणी. दुसरा बूट घालून गाडीपाशी, साहेबांचे बूट नाडी सोडून दाराशी सरळ मांडलेले. टॉर्चचे सेल बदलायचे राहिलेत.