खरिपाला पड, रब्बीला ज्वारी

प्रारूप प्रादेशिक योजनेवरच्या, म्हणजे अनेक गावांतली कोणती जमीन कशासाठी वापरायची हे रंगांनी दाखवणाऱ्या आराखड्याच्या मसुद्यावरच्या हरकतींची सुनावणी तालुक्याच्या सभागृहात चालू होती. टेबलामागे प्रादेशिक नियोजन समितीचे सदस्य, आणि नगररचनेच्या बाजूने नकाशे उलगडून दाखवायला मी. सकाळीच एका गावाच्या हरकतींचा गठ्ठा निघाला. बहुतेक अर्ज एकाच मजकुराच्या झेरॉक्स प्रती, फक्त नावं आणि सह्या वेगळ्या : ‘आमच्या जमिनीवरचा हिरवा रंग काढावा.’ कोणत्या गटावरचा, का काढायचा, त्याजागी काय दाखवायचं, यातलं काही नाही. असे अर्ज समितीला डावलता येत नाहीत, प्रत्येकाला म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. पण अहवालात त्यांच्यापुढे कारण म्हणून काय लिहिणार?

या अर्जांमागची भीतीही ठरलेली असते. हिरवा रंग म्हणजे सरकार जमीन घेणार, असं लोकांना वाटतं. खरं तर हिरवा रंग म्हणजे शेती विभाग, आणि तो दाखवल्याने मालकी बदलत नाही, सातबारा ज्याचा त्याचाच राहतो. त्या जमिनीवर काय करता येईल यावर मात्र बंधन येतं आणि वापर बदलायचा तर परवानगी घ्यावी लागते. नगरपालिकेच्या हद्दीबाहेर ही परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला हातात असला म्हणजे झालं, या समजुतीवर प्लॉट घेतलेली माणसं जवळपास प्रत्येक सुनावणीला भेटतात. त्यांना हे समजावताना फार वाईट वाटतं.

त्या गठ्ठ्यातला एक अर्ज मात्र वेगळा होता. अर्जदार सरपंचताई आणि आठ-दहा शेतकरी, आणि त्यांची हरकत पिवळ्या रंगाला होती. गावाच्या खालच्या अंगाला, राज्य महामार्गाला लागून योजनेत निवासी विभाग दाखवला होता. तो तिथून हलवा, असं त्यांचं म्हणणं. सोबत गावनकाशाची मोठी केलेली प्रत, तीवर गट नंबर रंगवलेले, आणि प्रत्येक गटाचा सातबारा.

प्रादेशिक योजनेचा नकाशा बऱ्याचदा 1:50,000 मापाचा असतो. त्यावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे 50 मीटर. एक चौरस मिलिमीटर रंगाखाली 25 आर जमीन येते, म्हणजे एखाद्याची सगळी शेती पेन्सिलच्या टोकाखाली झाकते. विभागाची हद्द दाखवणारी रेघच अर्धा मिलिमीटर जाड असेल तर ती 25 मीटरचा पट्टा व्यापते, आणि गट रेघेच्या अलीकडे की पलीकडे यावर वाद सुरू होतात. जुना गावनकाशा एका मैलाला आठ इंच या मापाचा. त्यात मिलिमीटरला साधारण आठ मीटर बसतात. दोन्ही नकाशे एकमेकांवर बसवायचे तर तीन गावांच्या शिवा मिळतात तिथले दगड, जुन्या विहिरी, रस्त्यांची वळणं असे पक्के बिंदू धरावे लागतात. कागद वर्षानुवर्षं आकसलेला असतो, त्यामुळे एका कोपऱ्यात जुळलेला नकाशा दुसऱ्या कोपऱ्यात सरकतो. म्हणून हरकतीत गट नंबर हवाच. ‘रस्त्यालगतची जमीन’ एवढंच लिहिलेलं असेल तर ती नकाशावर शोधायची कुठे?

आम्ही तो पट्टा सध्याच्या जमीन वापराच्या नकाशावर पाहिला. तिथे ‘पडीक’ अशी नोंद होती. हा नकाशा उपग्रहाच्या चित्रांवरून केलेला, आणि चित्रं ढग नसतात तेव्हाची, म्हणजे उन्हाळ्याची. उन्हाळ्यात ज्वारी निघालेलं रान, माळ आणि पाणी आटलेला खोलगट भाग, तिन्ही सारखेच करडे दिसतात.

एका काकांनी सातबाऱ्याचं पान पुढे सरकवलं. पीकपाहणीच्या, म्हणजे नमुना बाराच्या रकान्यावर बोट ठेवलं. वर्षामागून वर्षं तेच : खरिपाला पड, रब्बीला ज्वारी किंवा हरभरा. “साहेब, खरिपाला तिथं पाभर चालत नाही. गुडघाभर पाणी असतंय.”

समितीतल्या एका सदस्याने योग्य शंका काढली. भारी काळ्या जमिनीत खरीप पड ठेवून ओल धरून रब्बी घ्यायची पद्धतच असते, मग यावरून पाणी साचतं हे कसं सिद्ध होतं? त्यावर ताईंनी वरच्या अंगाच्या गटांचे सातबारे काढले. जमीन तशीच काळी, शेतकरी त्याच भावकीतले, पण तिथे सोयाबीन आणि तूर नोंदलेली. फरक मातीचा नव्हता. मला तो पुरावा फार आवडला, कारण तो कोणी हरकतीसाठी तयार केलेला नव्हता. तलाठ्याच्या दप्तरात तो आधीपासून होता.

विरुद्ध बाजूही हजर होती. त्याच पट्ट्यातल्या काही खातेदारांना पिवळा रंग हवा होता. रस्त्याकडेच्या जमिनीला भाव येणार होता, मुलींची लग्नं, कर्जं, सगळं त्यावर अवलंबून होतं. “आमचं नशीब एकदा उघडलंय, ते पुन्हा बंद करू नका,” असं एक जण कळवळून म्हणाला. त्यांचंही म्हणणं नोंदवलं, आणि समितीने जागा पाहायचं ठरवलं.

जागेवर कारण लगेच दिसलं. महामार्गाचा भराव आसपासच्या रानापेक्षा बराच उंच, आणि ओढ्यासाठी त्याखाली दोन नळांची मोरी, तीही अर्धी गाळाने भरलेली. वरच्या दोन गावांचं पाणी त्या ओढ्याला मिळतं. मोठ्या पावसात मोरीतून जाईल त्यापेक्षा जास्त येतं आणि भराव बांधासारखा अडवतो. नदीला निळी आणि लाल पूररेषा आखलेली होती, या ओढ्याला नव्हती. त्यामुळे नकाशावर जागा निर्धोक दिसत होती. शिवाय वरच्या गावांतही निवासी विभाग दाखवला होता. तिथे छपरं आणि रस्ते झाले की पाणी मुरणार कमी, वाहणार जास्त आणि तेही लवकर.

एकटी ग्रामपंचायत इथे काय करणार? तिचा अधिकार शिवेवर संपतो. वरचं गाव आपल्या जमिनीवर काय बांधतं, महामार्गाची मोरी केवढी असावी, हे तिच्या हातात नाही. ओढ्याचं सबंध खोरं एका कागदावर मांडून तिन्ही गावांचा एकत्र विचार करण्याची जागा प्रादेशिक योजनाच आहे. हे काम तिने केलं नाही तर तिचा उपयोग रंग भरण्यापुरताच.

समितीने शिफारस गटवार लिहिली : हे गट शेती विभागात ठेवावेत, तेवढंच निवासी क्षेत्र गावठाणाच्या वरच्या बाजूच्या मुरमाड माळावर द्यावं, ओढ्याच्या दोन्ही काठांना बांधकामाविना पट्टा सोडावा आणि मोरी वाढवण्याबाबत रस्ते विभागाला कळवावं. पिवळा रंग मागणाऱ्यांची हरकत का मान्य झाली नाही, तेही कारणांसह लिहिलं. त्यांनाही कारण कळायला हवं.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 16 प्रमाणे प्रारूप योजनेवर हरकती घ्यायला किमान चार महिने मिळतात. शहराच्या विकास आराखड्याला 30 दिवसच असतात. पण चार महिन्यांतले बरेच दिवस नकाशा पाहायला मिळण्यातच जातात. या गावाने सूचना निघाल्यावर आधी नकाशाची प्रत घेतली, मग गटांची यादी केली, मग सातबारे काढले आणि अर्ज शेवटी लिहिला. समितीचा अहवाल योजना तयार करणाऱ्या प्रादेशिक नियोजन मंडळाकडे गेला. पुढे मंडळ योजना शासनाला सादर करतं, आणि शासन ती आहे तशी किंवा फेरबदलांसह मंजूर करतं.