एफसी-१५०: स्लोचा चोर सापडला

मंडळी, माझी जुनी एफसी-१५० (केबिन इंजिनावरच असलेली जीप) स्लोला, म्हणजे रेस न देता जागेवर चालू असताना, सारखी बंद पडायची. काल संध्याकाळी तीच गाडी चोक पूर्ण आत (म्हणजे बंद), अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नाही, अशी जागेवर चालू राहिली. बंद पडली नाही! डॅशवर ठेवलेल्या ग्लासातला चहा हिंदकळला, पण सांडला नाही. मागचे अपडेट ज्यांनी वाचलेत त्यांना याची किंमत कळेल.

इग्निशनचा विषय गेल्या वेळीच मिटला होता. पॉइंटची फट ०.०२० इंच, प्लगची ०.०३०, टायमिंग टीडीसीच्या (पिस्टन अगदी वर पोचतो त्या बिंदूच्या) ५ अंश आधी, कंडेन्सर नवा. थंड इंजिनवर टॅपेटची फट इनटेक ०.०१८ आणि एक्झॉस्ट ०.०१६. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला जवळपास सारखं. तरी स्लोला गाडी गदागदा हलायची, मध्येच मिसिंग मारायची आणि सिग्नलला हमखास झोपायची. रेस दिली की काही तक्रार नाही.

रेसला बरी आणि स्लोला वाईट म्हटलं की पहिला संशय फुकटच्या हवेवर. कार्ब्युरेटरच्या तोंडावर तळहात अर्धा धरला की इंजिन सुधारायचं, म्हणजे मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) हे नक्की. (एफसीत इंजिन दोन सीटच्या मध्ये झाकणाखाली, त्यामुळे हे ड्रायव्हर सीटवर बसूनच करता येतं. उन्हाळ्यात मांडी भाजणाऱ्या त्या झाकणाचा एवढा एकच उपकार.) इनटेकमधली ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज लावला तर पाऱ्याचे १४ इंच, तोही डुलता. समुद्रसपाटीला धडधाकट इंजिन १८ ते २१ दाखवतं आणि दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो. कोल्हापूर अठराशे फुटांच्या आसपास, म्हणजे मला १६ ते १९ मिळायला हवं होतं.

आता नेहमीचा सल्ला येणार: मॅनिफोल्ड गॅस्केट बदला. मलाही ज्यानं त्यानं हेच सांगितलं. पण या गाडीच्या हरिकेन एफ-१३४ इंजिनला इनटेक मॅनिफोल्ड वेगळा नसतोच, तो हेडमध्येच ओतलेला आहे. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे हवा शिरायला जागा मोजक्याच: कार्ब्युरेटरचा बेस, थ्रॉटल स्पिंडल (थ्रॉटलची झडप ज्यावर फिरते तो दांडा), व्हॅक्यूम वायपरची नळी आणि क्रँककेस व्हेंटिलेशनचा व्हॉल्व्ह (इंजिनच्या तळातला वायू परत इनटेकमध्ये सोडणारा).

वायपरची नळी आधीच्या मालकानं रबरात बोल्ट खुपसून बंद केलेली. ओंगळ काम, पण हवाबंद. बेसला गॅस्केट मी स्वतः कापून घातलं, कारण ऑनलाइन मागवलेल्या सोलेक्स कार्ब्युरेटरच्या किटमधल्या गॅस्केटची भोकंच जुळत नव्हती. अशा किटांवरचा माझा विश्वास उडालाय. गॅस्केट पेपरचा ताव, पंच आणि धारदार कात्री एवढं घरात असलं की काम भागतं.

मग स्पिंडल. लीक शोधायला मी साध्या पाण्याचा फवारा मारतो. कार्ब क्लीनर नको, कारण एक्झॉस्ट बरोबर खाली आहे आणि सगळा वास केबिनमध्ये. स्पिंडलच्या टोकाला पाणी लागताच आवाज बदलला. डायल गेज लावला तर चांगला पाव मिलिमीटर खेळ. उद्यमनगरातल्या लेथवाल्या काकांनी बॉडी हातात घेतली, स्पिंडल हलवून बघितला आणि म्हणाले, "अहो, हे भोक लांबट झालंय, नवीन स्पिंडल घालून काय उपयोग नाही." दोन्ही बाजूंना गनमेटलचे बुश, मग रीमर. थ्रॉटल आता बोटाच्या टोकानं फिरतो आणि अजिबात हलत नाही. नुसता उघडझाप करत बसावं असं काम झालंय.

गेज १६ वर आला. काटा मात्र डुलतच होता, आणि मिक्श्चर स्क्रू (स्लोचं मिश्रण ठरवणारा) आत-बाहेर कितीही फिरवा, इंजिनला त्याचं काही सोयरसुतक नाही.

राहिला व्हेंटिलेशनचा व्हॉल्व्ह. क्रँककेसकडून येणारी नळी काढून व्हॉल्व्हचं तोंड अंगठ्यानं दाबलं आणि अंगठा आत ओढला गेला. त्याच क्षणी इंजिन सरळ झालं! काटा १८ वर खिळला. स्लोला व्हॅक्यूम जास्त असतो, तेव्हा प्लंजरनं ओढलं जाऊन वाट जवळजवळ बंद करायची असते. थ्रॉटल उघडला की स्प्रिंग त्याला मागे ढकलते. माझ्या व्हॉल्व्हमध्ये प्लंजर उघड्या जागीच काळ्या चिकट थरात रुतलेला, स्प्रिंगचे दोन तुकडे. म्हणजे स्लोलाच सगळ्यात जास्त हवा आत. तात्पुरतं बूच मारलं, आणि आता मिक्श्चर स्क्रू पाव आटा फिरवला तरी आवाजात फरक कळतो. तेवढ्यासाठीच कितीदा उगाच फिरवून बघितला.

मेस्त्री म्हणतात, बूच कायमचं राहू दे. मला पटत नाही. पिस्टनच्या रिंगवरून खाली उतरणारा वायू कुठेतरी जायलाच हवा, नाहीतर क्रँककेसमध्ये दाब धरून सीलमधून ऑइल बाहेर येणार. नवा व्हॉल्व्ह मागवला तर दुकानदारानं कुठल्याशा कारचा पीसीव्ही (हाच व्हेंटिलेशन व्हॉल्व्ह) पाठवला, आटेसुद्धा वेगळे. मग ठरवलं होतं की लेथवर अख्खा व्हॉल्व्हच बनवून घ्यायचा. पण हे लिहिता लिहिता दुसरंच सुचतंय: जुन्याची बॉडी आणि प्लंजर धड आहेत, डिझेलमध्ये भिजवून साफ होतील. हवी फक्त स्प्रिंग. तोवर पितळी बोल्टला २ मिमीचं आरपार भोक पाडून तोच लावतो. स्लोला थोडी हवा जाईल, पण ठरलेली, आणि स्क्रूच्या आवाक्यातली.

पायलट जेट (स्लोला पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) बदलायचंही आधी पुढे ढकलणार होतो, आता नाही. बूच असतानाही प्लग जरा पांढरटच निघाले, म्हणजे मिश्रण अजून लीन. ई-२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, त्यात ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण आपोआप लीन पडतं. ४५ च्या जागी ५० घालून बघतो, म्हणजे ०.४५ ऐवजी ०.५० मिमी. पण बोल्ट बसल्यावरच, नाहीतर दोन्हीतलं कशानं काय झालं ते कळायचं नाही. अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्रामही फुगल्यासारखा वाटतोय, त्याच वेळी उघडेन.

कुणाकडे हरिकेनचा चालू व्हॉल्व्ह असेल तर स्प्रिंगच्या तारेची जाडी, वेटोळे आणि मोकळी लांबी कळवा. कॅलिपरनं मोजा, पट्टीनं नको.