रजिस्टरं ५६ ची ५ झाली. टायपिंग कमी झालं का?

कामगार कायद्यांचे कागद कमी करायला सरकार बसलं की आधी फॉर्म मोजले जातात. २१ फेब्रुवारी २०१७ च्या नियमांनी नऊ केंद्रीय कायद्यांखालची ५६ रजिस्टरं पाचावर आणली आणि त्यांतले रकाने ९३३ वरून १४४ केले. पुढच्याच महिन्यात कंत्राटी, आंतरराज्य स्थलांतरित आणि बांधकाम कामगारांच्या तीन कायद्यांचे ३६ फॉर्म १२ झाले. त्यानंतर २९ केंद्रीय कायदे चार कामगार संहितांत आले आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून संहिता लागू झाल्या. या कामाचं मोल आहेच. नमुना ए कामगारांचा, बी पगाराचा, सी कर्ज-वसुलीचा, डी हजेरीचा आणि ई सुट्ट्यांचा. ही पाच रजिस्टरं कॉम्प्युटरवर ठेवली तरी चालतात. २०१७ च्या आधी जाडजूड वह्या भरणाऱ्याला यातला फरक सांगावा लागत नाही.

पण नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या चाळीस माणसांच्या वर्कशॉपमध्ये जो पगार काढतो, त्याचा वेळ रजिस्टरात जात नाही. तो जातो एकच माहिती वेगवेगळ्या दारांत वेगवेगळ्या तऱ्हेने भरण्यात. कागदपत्रांचा आढावा घेताना मोजायला हवी ती हीच गोष्ट, आणि फॉर्मच्या संख्येत ती दिसत नाही.

ऑक्टोबर २०२५ चं, म्हणजे संहितांच्या आधीचं, एक साधं पगारपत्रक समोर ठेवा. मूळ पगार आणि विशेष भत्ता मिळून १४,०००, घरभाडे ३,०००, प्रवासभत्ता १,०००, ओव्हरटाइम २,२००. कपातीच्या आधी सगळं धरून २०,२००. पीएफ १४,००० वर: कामगाराचे १२ टक्के म्हणजे १,६८०. मालकाच्या तेवढ्याच रकमेतून ८.३३ टक्के म्हणजे १,१६६ पेन्शनला आणि उरलेले ५१४ पीएफला. ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विम्याचं, गणित निराळं. प्रवासभत्ता त्यात धरायचाच नाही. कामगार २१,००० च्या मर्यादेत बसतो का, हे बघताना ओव्हरटाइमही सोडायचा, म्हणजे १७,०००. वर्गणी कापताना मात्र ओव्हरटाइम धरायचा, म्हणजे १९,२०० चे ०.७५ टक्के. येतात १४४. रक्कम पूर्ण रुपयांत येत नसेल, तर ईएसआयमध्ये रुपया वरच चढतो. पीएफमध्ये तो जवळच्या आकड्याला जातो. व्यवसाय कर एकूण पगारावर: पुरुष कामगाराला २००, फेब्रुवारीत ३००, स्त्री कामगाराला २५,००० पर्यंत काहीच नाही. किमान वेतन पुरेसं आहे का हे तपासायला पुन्हा मूळ पगार आणि विशेष भत्ताच घ्यायचा, आणि तो भत्ता १ जानेवारीला आणि १ जुलैला बदलतो. एका माणसाच्या एका महिन्याच्या पगाराचे इतके अर्थ. चुका इथेच होतात. त्यांत लबाडी क्वचितच असते; बहुतेकदा कुणीतरी एका एक्सेलचा रकाना दुसऱ्यात चिकटवलेला असतो.

संहितांनी वेतनाची व्याख्या एक केली, ही या साऱ्या आढाव्यातली सगळ्यात कामाची सुधारणा. घरभाडे, प्रवासभत्ता, ओव्हरटाइम, कमिशन असे ठरावीक घटक वेतनातून वगळायचे. मात्र वगळलेल्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर वरचा भाग परत वेतनात धरायचा. वरच्या उदाहरणात वगळलेले ६,२००, निम्मे १०,१००. काहीच परत येत नाही, वेतन १४,००० च राहतं. पण एखाद्या सुपरवायझरला एकूण ४०,००० असतील आणि त्यात मूळ पगार १५,०००, घरभाडे आणि प्रवासभत्ता मिळून २५,०००, तर निम्म्याच्या वरचे ५,००० वेतनात येतात आणि वेतन २०,००० होतं. पीएफ १५,००० च्या कमाल मर्यादेवर भरत असाल तर हातात पडणाऱ्या पगाराला धक्का लागत नाही. ग्रॅच्युइटीचा हिशेब मात्र वाढतो, आणि त्याची तरतूद ताळेबंदात करावीच लागते. पगाराची रचना बदलायच्या आधी हा आकडा प्रत्येक माणसासाठी काढून बघा.

अडचण अशी की सगळे कायदे संहितांत गेलेले नाहीत. दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा, कामगार कल्याण निधीचा १९५३ चा, माथाडी कामगारांचा १९६९ चा आणि व्यवसाय कराचा १९७५ चा, हे महाराष्ट्राचे स्वतःचे कायदे आहेत आणि ते बाहेरच आहेत. महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा केंद्राचा, पण तोही बाहेर. म्हणून दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती हवीच. समितीचा कॅलेंडर वर्षाचा अहवालही जिल्हा अधिकाऱ्याकडे जायला हवा, तक्रार एकही नसली तरी. त्यासाठी ३१ जानेवारी ही तारीख धरून चाला. कल्याण निधी वर्षातून दोनदा: जून आणि डिसेंबरच्या पगारातून कामगाराचे २५, मालकाचे ७५, आणि भरणा १५ जुलै व १५ जानेवारीपर्यंत. रक्कम किरकोळ असल्यामुळेच ती विसरली जाते.

पीएफच्या ईसीआर फाइलमध्ये, म्हणजे दर महिन्याला अपलोड करायच्या विवरणपत्रात, एका माणसाच्या एका ओळीत अकरा रकाने असतात आणि प्रत्येक दोन रकान्यांच्या मधे हॅश-टिल्ड-हॅश (#~#) ही खूण. त्यातले दोन रकाने नीट समजून घ्या. पहिला पेन्शनच्या वेतनाचा. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये आलेला आणि सुरुवातीपासून १५,००० च्या वर असलेला माणूस पेन्शन योजनेत येत नाही. त्याच्या रकान्यात शून्य हवं. अठ्ठावन्न वर्षं पूर्ण झालेल्यालाही शून्य. सॉफ्टवेअर आपोआप १,२५० टाकत जातं आणि चूक कळते ती दहा वर्षांनी, माणूस पैसे काढायला जातो तेव्हा. दुसरा बिनपगारी दिवसांचा. तो रिकामा सोडला की गैरहजेरी कुठेच दिसत नाही आणि हजेरीपत्रकाशी मेळ बसत नाही.

ईएसआयची एक्सेल फाइल जुन्या ९७-२००३ स्वरूपातच जतन करावी लागते. दिवस शून्य असतील तर कारणाचा कोड द्यायचा, नोकरी सोडली असेल तर शेवटचा दिवसही. इथली नेहमीची चूक म्हणजे जूनमध्ये पगार २१,००० च्या वर गेला म्हणून त्याच महिन्यात ‘मर्यादेबाहेर’ हा कोड टाकणं. वर्गणीचे कालखंड एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे आहेत. जूनमध्ये पगार वाढला तरी ३० सप्टेंबरपर्यंत वर्गणी चालूच. आणि दिवस कमी लिहिले तर भोगतो तो कामगार. सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी नसेल तर आजारपणाचा भत्ता मिळत नाही. तो भत्ता वेतनाच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत असतो. सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात प्लास्टर घालून घेतलेल्या माणसाला ७६ दिवस भरल्याचं कळलं आणि मस्टरवर ८१ असले, तर त्या पाच दिवसांची जबाबदारी पगार काढणाऱ्या टेबलाची आहे. हे लिहिताना मन दुखतं, कारण ती चूक पाच मिनिटांत टळण्यासारखी असते.

नावांचं दुखणं आपल्याकडे फार जुनं. गावच्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, पॅनवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. जन्मतारीख कित्येकांची १ जून, कारण शाळेत घालताना तीच लिहिली गेली. आधारला नुसतं वर्ष सांगितलेल्यांची १ जानेवारी. ऑगस्ट २०२५ पासून नवा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, सरकारच्या उमंग अॅपवर चेहरा दाखवून निघतो, त्यामुळे नवीन माणसाचं नाव थेट आधारवरून येतं. जुन्यांचं मात्र संयुक्त घोषणापत्र भरून दुरुस्त करून घ्यावं लागतं. हे काम भरतीच्या दिवशीच करा. आधार, पॅन आणि पासबुक टेबलावर शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर वाचा. माणूस समोर असतो तोवरच ते सोपं असतं.

महिन्याचा क्रम असा ठेवला की पंधरा तारखेची धावपळ उरत नाही. दोन तारखेला हजेरी बंद. त्यानंतर तिच्यात बदल करायचा तर लेखी, सहीनिशी. पाचला पगारपत्रक तयार, सातच्या आत पगार खात्यात. वेतन संहितेत मासिक पगाराची मुदत सातच आहे, आणि मार्चचा सोडला तर टीडीएसही सातलाच भरायचा असतो. दहाला ईसीआर आणि ईएसआय अपलोड, बाराला पैसे. पंधरा ही शेवटची तारीख आहे आणि फेब्रुवारी २०१६ पासून पीएफला पाच दिवसांची सवलतही नाही. उशीर झाला की वर्षाला १२ टक्के व्याज, शिवाय दंड वेगळा.

अपलोडच्या आधी एकच पडताळणी करा, पण ती चुकवू नका. समजा हजेरीवर ४२ माणसं आहेत, पीएफमध्ये ३९, ईएसआयमध्ये ३१. हा फरक नावानिशी, कारणासह एका कागदावर लिहा आणि तो कागद त्या महिन्याच्या चलनाला जोडा. तीन शिकाऊ उमेदवार पीएफबाहेर. तेच तीन आणि २१,००० च्या वरचे आठ ईएसआयबाहेर. तपासणीला येणारा अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारतो आणि उत्तर लेखी तयार असेल तर पुढचं बोलणं शांतपणे होतं.

ठेकेदाराची माणसं असतील तर नुसतं चलन घेऊन बिल पास करू नका. एकच चलन तीन कंपन्यांना दाखवलं जातं, हे घडतं. चलनासोबत त्या महिन्याची ईसीआर मागा, गेटच्या हजेरीतलं प्रत्येक नाव यूएएनने त्यात शोधा आणि भरणा पीएफच्या संकेतस्थळावर आस्थापनेच्या कोडने तपासा. ठेकेदाराने नाही भरलं तर वसुली मुख्य मालकाकडे येते. द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या पॅकहाउसमध्ये दोन-तीन महिन्यांसाठी येणाऱ्यांची नोंदही पहिल्या दिवसापासूनच हवी.

नव्या व्याख्येने आजचा पगार मोजायचा, पण मागच्या वर्षांची चौकशी त्या वेळच्या नियमांनीच होते. जुनी रजिस्टरं रद्दीत टाकू नका. सामाजिक सुरक्षा संहितेत पीएफच्या चौकशीला पाच वर्षांची मर्यादा आली आहे; निदान तेवढी वर्षं सगळं शाबूत ठेवा.

नियमांचा मसुदा राजपत्रात येतो तेव्हा हरकतींसाठी साधारण ३० किंवा ४५ दिवस मिळतात. त्या काळात आपलं म्हणणं निमा किंवा आयमा या नाशिकच्या उद्योजक संघटनांमार्फत जायला हवं आणि स्वतःच्या लेटरहेडवरही. ‘कागदपत्रं फार आहेत’ असं लिहिलेल्या पत्राचं कुणी काही करू शकत नाही. नियमाचा क्रमांक लिहा, फॉर्म आणि रकान्याचा क्रमांक लिहा, तीच माहिती आणखी कुठे आधीच दिली आहे ते लिहा आणि त्या नियमाच्या जागी कोणतं वाक्य हवं तेही लिहून द्या. मागण्या चारच पुरेत. कामगार लागला की एकच सूचना, जी पीएफ, ईएसआय आणि कामगार विभाग तिघांना पोचेल. महिन्याची एकच पगार-फाइल. प्रामाणिक चूक दंडाशिवाय सुधारायला ३० दिवस. आणि फाइलचं स्वरूप बदलणार असेल तर ६० दिवस आधी नोटीस, मराठीतून. सोबत एका महिन्याच्या पगाराची, पीएफची आणि ईएसआयची अशा तिन्ही फाइल्स नावं खोडून जोडा आणि तिन्हींत पुन्हा पुन्हा आलेले रकाने लाल शाईने रंगवा.