इअरफोन स्वस्तातले होते म्हणून नाही, टिप चुकीची होती म्हणून

स्वस्तातले इन-इअर, म्हणजे कानाच्या नळीत घालायचे इअरफोन, निवडायला फार वेळ लागला नाही. ब्लूटूथ आधीच बाद केलं. त्यात बॅटरी, चिप आणि चार्जिंगची डबी यांचेही पैसे आपणच मोजतो, मग आवाजासाठी उरतं कमी. वायर सुटी होणारी हवी होती, कारण आधी तुटते ती वायरच, बहुतेक वेळा जॅकजवळ. आवडही पक्की होती. खर्ज भरदार हवा, पण गाणाऱ्याचा आवाज त्याखाली गुदमरायला नको. इथवर सगळं सरळ होतं. अडलं ते कानात घातल्यावर, आणि त्याची चीड अजून उतरलेली नाही.

खर्ज नाहीच! डग्ग्याची नुसती थाप येत होती, तिच्यामागची घुमक नाही. बास गिटारच्या जाड तारेचा मूळ स्वर साधारण ४१ हर्ट्झचा असतो. तो गायब, वर फक्त बोटांची खरखर. मॉडेलच फसलं असं धरून परत करायची तयारी केली. पण इअरफोनमध्ये काहीच खोट नव्हती. कान हवाबंद झाला नव्हता.

इन-इअरचा खर्ज येतो कुठून, तर ड्रायव्हर, म्हणजे आतला आवाज काढणारा भाग, कानाच्या नळीत कोंडलेल्या इवल्याशा हवेला दाबतो त्यातून. टिप (टोकावरची मऊ टोपी) आणि कातडी यांच्यात केसभर फट राहिली तरी तो दाब निसटतो. वरचे सूर जवळपास तसेच राहतात आणि खालचे पडतात. त्यामुळे सगळं पातळ नि कर्कश लागतं. ऐकणाऱ्याला वाटतं ट्रेबल, म्हणजे वरचे सूर, जास्त आहे, आणि तो दुसरं मॉडेल शोधायला लागतो. चिडायचं कारण हेच, की डब्यात तीन मापांच्या टिपा असतात, मधलं माप आधीच चढवलेलं असतं आणि माहितीपत्रकात याबद्दल बहुतेकदा एक ओळही नसते. टिपा किती मिलिमीटरच्या, तेही लिहिलेलं नसतं.

तपासायला ३० हर्ट्झचा सलग सूर हळू आवाजात लावा आणि इअरफोन कडेने हलकेच आत दाबा. सूर एकदम फुगला तर फट आहे. फक्त बोट कवचावरच्या बारीक छिद्रावर येऊ देऊ नका. ते छिद्र हवा सोडण्यासाठी असतं आणि झाकलं की खर्ज तसाही बदलतो, त्यामुळे निदान चुकतं. मग तोंड उघडून पाहा. जबडा हलला की नळीचा आकार बदलतो. तेवढ्यात सूर पडत असेल तर माप किंवा टिपेचा प्रकार बदला.

घालायचीही रीत आहे. दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, इअरफोन थोडा फिरवत आत न्यायचा, मग कान सोडायचा. नुसता ढकलला तर टिप दुमडते. मोठं माप म्हणजे घट्ट, हेही खरं नाही. प्रमाणाबाहेर मोठ्या टिपेला सुरकुती पडते आणि हवा त्या सुरकुतीतूनच जाते. दोन्ही कानांचं माप एकच असेल हेही धरू नका. उजवीकडे मधली आणि डावीकडे मोठी, असं सर्रास लागतं.

सिलिकॉनच्या टिपेने जमलं नाही तर फोम. बोटांत दाबून बारीक करायचा, घालायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. सील उत्तम मिळतं, पण ट्रेबल किंचित मवाळ होतं आणि फोम काही महिन्यांत बदलावा लागतो. सुट्या टिपा घेताना इअरफोनच्या नळीची, म्हणजे टिप जिच्यावर चढते तिची, जाडी मोजा, ती साधारण ४ ते ६ मिलिमीटर असते. सैल टिप इअरफोन काढताना कानातच राहते.

‘स’ आणि ‘श’ टोचत असतील तर इक्वलायझरला हात लावण्याआधी इअरफोन किती आत घालता ते बदलून पाहा. टिप आणि कानाचा पडदा यांच्यातल्या जागेचा स्वतःचा एक घुमणारा सूर असतो, बहुधा ८ किलोहर्ट्झच्या आसपास. इअरफोन आत गेला की तो वर सरकतो. रुंद तोंडाच्या टिपेने सहसा ट्रेबल खुलतं, अरुंदने दबतं.

हे सगळं जमल्यावरच आवडीनिवडीला अर्थ येतो. डब्यावरच्या ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ने काहीच कळत नाही, त्या पट्ट्यात आवाज किती डेसिबल वरखाली होतो ते महत्त्वाचं. ते इअरफोनच्या मोजमापाच्या आलेखात दिसतं. मला हवा तसा आवाज म्हणजे खर्जाचा उंचवटा २०० हर्ट्झच्या आसपास संपलेला. तो ३००-४०० पर्यंत ओघळला की पुरुषाचा आवाज जाड नि घोगरा होतो. ३ किलोहर्ट्झजवळचा उंचवटा दोष नव्हे. उघडा कानही तो पट्टा वाढवूनच ऐकतो, म्हणून तो इअरफोनमध्ये हवाच. आलेख मात्र एकाच यंत्रावर मोजलेले ताडून पाहा, आणि ८ किलोहर्ट्झचं टोक मनावर घेऊ नका, पुष्कळदा ते कपलरचंच, म्हणजे मोजताना कानाच्या जागी वापरतात त्या यंत्राचंच, असतं. एका कानात किती ड्रायव्हर आहेत यावरून मी काहीच ठरवत नाही. एकच चांगला डायनॅमिक (कॉइल आणि पडद्याचा) ड्रायव्हर पुरतो.

दोन जोड्या ताडताना आवाजाची पातळी सारखी करा, एखाद-दुसऱ्या डेसिबलनेही मोठा वाजणारा जोड चांगला वाटतो. संवेदनशीलतेचे, म्हणजे ठरावीक विजेवर इअरफोन किती मोठा वाजतो त्याचे, आकडे ताडतानाही एकक पाहा. १६ ओहमच्या इअरफोनवर दर मिलिवॅटला १०५ डेसिबल म्हणजे दर व्होल्टला जवळपास १२३. एकावर एक एकक नि दुसऱ्यावर दुसरं असेल तर तुलना फसते.

आणि पुढे कधी एक बाजू मंद झाली तर आधी इअरफोनच्या नळीच्या तोंडावरची जाळी पाहा. मळ तिथेच साचतो. टिप काढा, नळीचं तोंड खाली धरा आणि कोरड्या मऊ ब्रशने झटका, म्हणजे मळ आत जाणार नाही. फरक पडला नाही तर दोन्ही बाजूंच्या वायरी अदलाबदल करा. मंदपणा दुसरीकडे गेला तर दोष वायरीत किंवा फोनच्या जॅकमध्ये आहे, तिथेच राहिला तर दोष इअरफोनमध्ये आहे.