वेबकॅमचा जुना ड्रायव्हर परत परत येतो तेव्हा

सिव्हिल लाइन्समधल्या एका वकील मॅडमचा विंडोज ११ चा लॅपटॉप माझ्याकडे आला. तक्रार एवढीच होती की व्हीसीत, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये, आवाज जातो, चेहरा जात नाही. कॅमेरा ॲप उघडलं की 'कॅमेरा सापडत नाही' हा संदेश आणि खाली ४२४४ ने संपणारा कोड. मोठं सिस्टीम अपडेट झाल्यापासून हे सुरू झालं होतं. अपडेटनंतर बंद पडलेला कॅमेरा बहुतेक वेळा खराब झालेला नसतो, पण हे गृहीत न धरता तपासून घ्यावं लागतं, कारण ४२४४ हा कोड तुटलेल्या केबललाही येतो आणि बिघडलेल्या ड्रायव्हरलाही, म्हणजे विंडोजला कॅमेरा चालवता यावा म्हणून असलेल्या सॉफ्टवेअरलाही.

आधी सोप्या गोष्टी उरकल्या. लेन्सवरचं सरकतं झाकण, कीबोर्डवरचं कॅमेऱ्याच्या चित्राचं बटण, कडेला असलेला छोटा स्विच. हा स्विच काही मॉडेलांत कॅमेऱ्याचा संपर्कच तोडतो, मग विंडोजला तो अजिबात दिसत नाही. त्यानंतर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे कॅमेरा. या पानावर तीन वेगळी बटणं आहेत: कॅमेरा ॲक्सेस, ॲप्सना परवानगी आणि सगळ्यात खाली डेस्कटॉप ॲप्सना परवानगी. ब्राउझर आणि व्हीसीची बरीचशी सॉफ्टवेअरं या शेवटच्या बटणावर चालतात, त्यामुळे वरची दोन चालू आणि हे बंद असेल तरी चित्र येत नाही. इथे सगळं चालू होतं.

आता डिव्हाइस मॅनेजर. विंडोजचं बटण आणि एक्स दाबलं की यादीत सापडतो. 'कॅमेराज' किंवा 'इमेजिंग डिव्हायसेस' या गटात कॅमेरा दिसतो का, हा सगळ्या तपासणीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. मला तो दिसला, पिवळ्या त्रिकोणासह. प्रॉपर्टीज उघडून डिटेल्समध्ये हार्डवेअर आयडीज निवडलं, तर यूएसबी, पुढे व्हीआयडी (बनवणाऱ्याचा क्रमांक) आणि पीआयडी (उपकरणाचा क्रमांक) यांचे चार-चार अक्षरांचे आकडे आणि शेवटी एमआय ००. लॅपटॉपमधला नेहमीचा कॅमेरा म्हणजे आतून जोडलेलं यूएसबी २.० चं उपकरणच असतं. हे आकडे कॅमेऱ्याची चिप स्वतः सांगते. ते ताजे दिसत असतील तर वीज पोचते आहे, डेटाच्या तारा शाबूत आहेत, लॅपटॉप खोलायची गरज नाही. 'ताजे' म्हणायचं कारण असं की व्ह्यू मेनूतून लपलेली उपकरणं दाखवली की जुनी नोंदही दिसते. तिचं चिन्ह फिकट असतं आणि कोड ४५ येतो. तिच्यावर विसंबू नका.

नोंद फक्त फिकट असेल, किंवा नसेलच, तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंग्जमध्ये, कॅमेरा बंद केलेला नाही ना ते पाहायचं. तिथेही चालू असेल तर बिजागरातून जाणारी केबल हीच पहिली संशयित. बऱ्याच लॅपटॉपमध्ये कॅमेऱ्याच्या तारा डिस्प्लेच्या केबलमध्येच असतात आणि झाकण उघडमीट करून त्या तुटतात. झाकण ठरावीक कोनात धरल्यावर कॅमेरा येत-जात असेल तर निदान झालंच समजा. बर्डीच्या बाजारात केबल आणायला जाताना जुन्या केबलच्या लेबलवर छापलेला पार्ट नंबर सोबत न्या. नुसत्या मॉडेलच्या नावावर मागितली तर ३० पिनची की ४० पिनची, टचस्क्रीनची की साधी, इथे घोळ होतो.

एक अपवाद. काही नव्या, पातळ लॅपटॉपमध्ये कॅमेरा यूएसबीवर नसतो, थेट प्रोसेसरच्या चित्रप्रक्रिया भागाला जोडलेला असतो. त्याच्या आयडीत यूएसबी आणि व्हीआयडी नसतं. तिथे पुढचा उपाय अजिबात करू नका, कारण त्या कॅमेऱ्याला कंपनीच्या ड्रायव्हरशिवाय पर्याय नाही.

या लॅपटॉपमध्ये त्रिकोणाखाली कोड १० होता, म्हणजे उपकरण सापडलं पण ड्रायव्हरला ते सुरू करता येत नाही. राइट क्लिक, अनइन्स्टॉल डिव्हाइस, ड्रायव्हरही काढायच्या चौकोनात खूण, रीस्टार्ट. परत तोच ड्रायव्हर, तोच कोड १०. बहुतेक लोक इथेच हात टेकतात आणि एखादं 'ड्रायव्हर अपडेटर' डाउनलोड करतात. त्याने प्रश्न सुटत नाही, उलट नको ती सॉफ्टवेअरं मशीनमध्ये शिरतात.

तो परत येतो याचं कारण विंडोजच्या निवडीच्या नियमात आहे. ड्रायव्हर शोधताना विंडोज आधी तारीख पाहत नाही, जुळणी किती नेमकी आहे ते पाहते. कंपनीच्या ड्रायव्हरच्या आयएनएफ फाइलमध्ये, म्हणजे तो कोणत्या उपकरणासाठी आहे ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, नेमका व्हीआयडी-पीआयडी लिहिलेला असतो. विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर, 'यूएसबी व्हिडिओ डिव्हाइस', फक्त 'व्हिडिओ वर्गातलं कोणतंही उपकरण' एवढ्यावर जुळतो. त्यामुळे कंपनीची फाइल कितीही जुनी असली तरी तीच जिंकते. आणि अनेक वर्षांच्या अपडेटांमुळे ड्रायव्हर स्टोअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या ड्रायव्हरांच्या साठ्यात, तिच्या एकाहून जास्त आवृत्त्या साठलेल्या असतात. एक काढली की तिच्या खालची वर येते.

म्हणून सगळ्या एकदम काढाव्या लागतात. रिस्टोअर पॉइंट (बिघडलं तर मागे जाण्याची सोय) बनवला, टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) ॲडमिन म्हणून उघडलं आणि पीएनपीयुटिल ही विंडोजमध्येच असलेली आज्ञा 'एनम-ड्रायव्हर्स' या पर्यायासह चालवली. लांब यादी येते. तिच्यात क्लास नेम कॅमेरा किंवा इमेज आणि प्रोव्हायडरच्या जागी कॅमेरा बनवणाऱ्याचं नाव, अशा नोंदी शोधायच्या. 'एक्स्टेन्शन्स' या वर्गातही बघायचं, कारण कंपनीच्या जास्तीच्या सेटिंग्जची आयएनएफ तिथे वेगळी बसलेली असू शकते. प्रत्येक नोंदीला ओईएम आणि आकडा असं नाव असतं. ती नावं टिपून घेतली आणि 'डिलीट-ड्रायव्हर', फाइलचं नाव, 'अनइन्स्टॉल' अशी आज्ञा एकेका नोंदीला दिली. 'फोर्स' हा पर्याय शेवटचा उपाय म्हणूनच ठेवा. नाव दोनदा वाचा. स्कॅनर आणि काही प्रिंटरही इमेज वर्गात असतात.

मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस'. या वेळी 'यूएसबी व्हिडिओ डिव्हाइस' आला, पण त्रिकोण होताच. फक्त कोड बदलून १९ झाला होता, आणि हे चांगलं लक्षण आहे. कोड १९ म्हणजे रजिस्ट्रीतली, विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतली, नोंद अर्धवट किंवा बिघडलेली. कंपनीचा ड्रायव्हर स्वतःचा एक फिल्टर, म्हणजे मधला जोड-ड्रायव्हर, कॅमेरा वर्गावर बसवतो, ड्रायव्हर जातो पण फिल्टरचं नाव मागे राहतं. विंडोज त्या नावाची सेवा शोधते, ती सापडत नाही, आणि चांगला कॅमेरा अडून बसतो.

ही दुरुस्ती रजिस्ट्री एडिटरमध्ये करायची, जपून. एचकेएलएम (एचकी लोकल मशीन) या शाखेत सिस्टीम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, क्लास, आणि तिथे सीए३ई७एबी९ ने सुरू होणारी की, म्हणजे फोल्डरसारखा कप्पा. इमेजिंग गटातल्या कॅमेऱ्याची ६बीडीडी१एफसी६ ने सुरू होते. आधी की एक्स्पोर्ट करून ठेवली. उजव्या बाजूला 'अपरफिल्टर्स' उघडलं. ही ओळींची यादी असते, आणि अनेक ठिकाणी सल्ला मिळतो की हे मूल्यच उडवून टाका. तसं करू नका. त्यात 'केएसथंक' हे नाव असेल तर ते विंडोजचं स्वतःचं आहे, ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटची सॉफ्टवेअरं चालण्यासाठी लागतं. मी त्याखालची कंपनीच्या फिल्टरची ओळ तेवढी खोडली, केएसथंक तसंच ठेवलं, रीस्टार्ट केलं. त्रिकोण गेला, चित्र आलं.

ड्रायव्हर टॅबमध्ये आता प्रोव्हायडर मायक्रोसॉफ्ट आणि तारीख २१ जून २००६ दिसते. मॅडमनी ती पाहून लगेच विचारलं, "अहो, हा तर फारच जुना आहे ना?" जुना नाही. विंडोजसोबत येणाऱ्या ड्रायव्हरांना मुद्दाम हीच तारीख दिलेली असते, म्हणजे कंपनीने दिलेला ड्रायव्हर तारखेत मागे पडू नये. आतली फाइल विंडोजच्या आवृत्तीबरोबर बदलत असते, ते आवृत्तीच्या आकड्यावरून कळतं.

चित्र आलं तरी त्यात आडवे काळसर पट्टे सरकत होते. ड्रायव्हर बदलल्यावर कॅमेऱ्याची फ्लिकरची (दिव्याच्या लुकलुकण्याची) सेटिंग ६० हर्ट्झवर गेली होती. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. कॅमेऱ्याचा एक्स्पोजर (प्रत्येक फ्रेमसाठी प्रकाश घेण्याचा वेळ) ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १२० च्या, हिशोबाने चालला की दोन्हींचा ताल जुळत नाही आणि पट्टे दिसतात. कॅमेरा ॲपच्या सेटिंग्जमध्ये फ्लिकर रिडक्शन ५० हर्ट्झ केलं आणि ते थांबले. चित्र अडखळत असेल तर आधी खोलीत उजेड वाढवा. अंधारात कॅमेरा एक्स्पोजर लांबवतो आणि सेकंदाला मिळणाऱ्या फ्रेम कमी होतात.

यात गमावलं काय? कंपनीच्या ड्रायव्हरबरोबर आलेली पार्श्वभूमी धूसर करण्याची सोय गेली. व्हीसीच्या सॉफ्टवेअरमध्ये ती असतेच.

शेवटचं काम म्हणजे जुना ड्रायव्हर अपडेटमधून परत येऊ न देणं. विंडोज प्रोमध्ये ग्रुप पॉलिसीत, म्हणजे विंडोजचे नियम ठरवायच्या एडिटरमध्ये, विंडोज अपडेटखाली 'ड्रायव्हर समाविष्ट करू नका' अशा अर्थाचा पर्याय आहे, तो एनेबल करायचा. त्याने बाकीचे ड्रायव्हरही अपडेटमधून येणं थांबतं, म्हणून ग्राफिक्स आणि वायफायचे ड्रायव्हर कंपनीच्या पानावरून अधूनमधून स्वतः घ्यावे लागतील हे मॅडमना सांगून ठेवलं. मोठं अपडेट झालं की व्हीसीच्या आदल्या दिवशी ड्रायव्हर टॅब उघडायचा आणि प्रोव्हायडरमध्ये मायक्रोसॉफ्टच आहे ना ते पाहून घ्यायचं.