सावधान, विश्राम

आमच्या घरात डोळे मिटून बसायची सोय नाही. झोपायची आहे. आडवं होऊन पांघरूण ओढलं की कुणी वाटेला जात नाही. पण भरदिवसा, ताठ बसून, हातात ना जपमाळ ना मोबाईल, असे नुसते डोळे मिटले की मिनिटभरात सासूबाई येऊन विचारणारच, "बरं नाही का गं?" मग कपाळाला हात लागतो, पाठोपाठ आलं घातलेला चहा येतो. तो प्यावा लागतो. न प्यायले तर खरंच बरं नाही असं ठरतं आणि नवऱ्याला ऑफिसात फोन जातो.

म्हणून मी दर रविवारी सकाळी सातला राजवाड्याजवळच्या एका हॉलवर जाते. तिथं आम्ही वीस-पंचवीस जण नुसते बसतो. त्याला माइंडफुलनेस म्हणतात. 'नुसती बसायला जाते' म्हटलं असतं तर घरातून बाहेर पडता आलं नसतं. 'माइंडफुलनेसच्या वर्गाला जाते' म्हटलं की सासूबाई स्वतः दार लावून घेतात.

पहिल्या दिवशी मॅडमनी प्रत्येकाला विचारलं, का आलात? सातारा पेन्शनरांचं गाव, त्यामुळे निम्म्यांचं उत्तर बीपी. एका काकांचे गुडघे गेल्यामुळे रोजचं अजिंक्यताऱ्यावर जाणं बंद झालं होतं आणि सकाळ अंगावर येत होती. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी एक मुलगी तिसऱ्या प्रयत्नाच्या आधी आली होती. दोन मैत्रिणी एकमेकींसाठी आल्या होत्या आणि वर्ग सुटल्यावर मिसळ खायला जायचं होतं हे त्यांनी लपवलंही नाही. फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार उभं राहून म्हणाले, "मॅडम, सावधान आयुष्यभर केलंय. विश्राम तेवढा शिकवा."

सगळे हसले. मला मात्र ते दिवसभर आठवत राहिलं. सावधान हा शब्द आपण शाळेच्या मैदानावर पाय जुळवून शिकतो, मग तो थेट मंगलाष्टकांत भेटतो. सज्जनगडाच्या शेजारी राहणाऱ्या आम्हा लोकांना तर त्याची गोष्ट तोंडपाठ असते: भटजी 'सावधान' म्हणाले आणि समर्थ बोहल्यावरून पळाले. आख्यायिका असेल, पण तो शब्द नीट ऐकणारा त्या मांडवात एकच निघाला. बाकी आपण सगळे 'सावधान' ऐकतो, अक्षता टाकतो आणि पंगतीकडे बघतो.

मॅडम स्वतः इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आलेल्या. पण वर्गात त्या अमेरिकेतल्या पद्धतीनं शिकवतात. जॉन कबाट-झिन नावाच्या गृहस्थांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्सच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात, जुन्या दुखण्यांना कंटाळलेल्या रुग्णांसाठी एक अभ्यासक्रम सुरू केला, पुढे तो आठ आठवड्यांचा म्हणून रूढ झाला, त्यातली ही पद्धत. मुळात शब्द पालीतला, 'सती', म्हणजे आपली 'स्मृती'. १८८१ साली ऱ्हीस डेव्हिड्स या इंग्रज पंडितानं त्याला माइंडफुलनेस हा प्रतिशब्द वापरला. म्हणजे इथलीच गोष्ट लंडन-अमेरिका फिरून, इस्त्री करून परत आली. एका परीनं बरंच झालं. मूळ शब्दच आला असता तर 'रविवारी सतीला जातेय' असं घरी सांगायची पंचाईत झाली असती.

त्या पद्धतीतला पहिला धडा बेदाण्याचा. एकच बेदाणा तळहातावर घ्यायचा, आयुष्यात कधी पाहिलाच नाही असा बघायचा, हुंगायचा, कानाशी चुरगळायचा, मग जिभेवर ठेवायचा आणि शेवटी सावकाश चावायचा. माझ्या शेजारच्या आजी तळहाताकडे बघत कुजबुजल्या, "तासगावचा दिसतोय." त्यांच्या मते तेवढ्या वेळात शिरा झाला असता. पण मी त्या बेदाण्याला पहिल्यांदाच सुरकुत्या मोजण्याइतकं जवळून पाहिलं. एका टोकाला काडीचा बारीकसा तुकडा चिकटलेला होता. एरवी मूठभर तोंडात टाकते, तेव्हा असल्या किती काड्या पोटात गेल्या असतील! पुढच्या रविवारी कुणीतरी हौसेनं कंदी पेढे आणले, हाच प्रयोग पेढ्यावर करू म्हणून. तो साफ फसला. 'हुंगा' म्हणेपर्यंत निम्म्या वर्गाचे हात रिकामे होते.

खरी परीक्षा पावणेआठला असते. सगळे डोळे मिटून श्वासावर लक्ष ठेवून बसलेले असतात, वर पंखा कुरकुरत असतो आणि लांबून घंटागाडीचं गाणं ऐकू यायला लागतं. मी एकदा एक डोळा किलकिला करून पाहिलं. पुरुष मंडळी शांत. बायकांच्या मात्र भुवया हलल्या होत्या. एकीचा अंगठा बोटांवर फिरत होता: ओला, सुका, ओला, सुका. घरी कुणी डबा खाली नेला असेल का, हा एकच प्रश्न दहा-बारा डोक्यांत एकाच वेळी घुमत होता. मॅडम हळूच म्हणाल्या, "आवाज ऐका. आला, जाऊ दे." आवाज गेला. कचऱ्याचं काय, ते घरी गेल्यावर कळणार होतं.

२०१० साली हार्वर्डच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना फोनवर अधूनमधून विचारून पाहिलं होतं, आत्ता करताय काय आणि मन कुठं आहे? सुमारे ४७ टक्के वेळा मन भलतीकडेच होतं. मला हा आकडा कमी वाटतो. त्यांनी बहुधा स्वयंपाकघरात फोन केले नसावेत. गेल्या वीस वर्षांत माझ्या कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की चार, हे मला एकदाही छातीठोकपणे सांगता आलेलं नाही.

आठ आठवडे झाले. बीपीवाल्यांपैकी कुणाची गोळी बंद झालेली नाही, सुभेदार अजून पाठ जराही न वाकवता बसतात. तरी गळती फारशी नाही. एकदा पायऱ्या उतरताना कुणीतरी विचारलं, मॅडम सांगतात ते घरीही करता येतंच की, मग इथं कशाला यायचं? सतरंजीची घडी घालणाऱ्या एक बाई म्हणाल्या, "घरी गप्प बसलं की रुसलेय म्हणतात." त्यावर खालच्या पायरीवरच्या दोघी एकदम वळल्या. आपल्याकडे भजनाला, भिशीला, हळदीकुंकवाला जायला बाईला कारण सांगावं लागत नाही. काहीच न करण्यासाठी मात्र भाड्याचा हॉल लागतो आणि सोबतीला वीस साक्षीदार.

गेल्या गुरुवारी मी धीर करून घरीच बसले. डाळ-तांदूळ कुकरला लावले आणि खिडकीपाशी खुर्ची ओढून डोळे मिटले. पाचेक मिनिटांनी पावलं वाजली. मी मनातल्या मनात चहाची तयारी केली. पावलं थांबली, मग मागे फिरली. स्वयंपाकघरातून सासूबाईंचा दबका आवाज आला, माझ्या लेकाला दटावत होत्या, "हाक मारू नकोस रे तिला, वर्गाचं करतेय."

मला इतकं भरून आलं की श्वास कुठल्या कुठं गेला. तेवढ्यात त्या पुन्हा म्हणाल्या, "फक्त शिट्ट्या किती झाल्या, तेवढं विचारून ये."